रनआउट मोजताना ए-बी अक्ष कसा बांधावा : सीएमएमवर सामाईक डेटमची पूर्ण पद्धत

हिंगणघाट सोडून हैदराबादच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिनिंगची शेडं लागतात. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्याच दिवसांत आमच्या वर्कशॉपमध्ये शाफ्टची कामं वाढतात. जिनिंगचे, डाळमिलचे, तेलघाण्याचे, अधूनमधून एखाद्या पंपाचे. माप वेगळं, लांबी वेगळी, पण बहुतेक ड्रॉइंगवर एक ओळ ठरलेली असते: दोन्ही टोकांच्या बेअरिंग सीटना (बेअरिंग बसतं त्या जागा, म्हणजेच जर्नल) ए आणि बी ही अक्षरं, आणि मधल्या सीटवर रनआउटची (शाफ्ट फिरताना पृष्ठभाग किती आत-बाहेर होतो त्याची) चौकट, डेटम (मोजणीचा आधार) ए-बी.

ही चौकट वाचायला सोपी आहे, मोजायला नाही. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या बारा शाफ्टचा लॉट मी स्वतः नापास केला होता. मर्यादा ०.०३ मिमी, माझ्या सीएमएमच्या (प्रोबने, म्हणजे स्पर्शाच्या सुईने, बिंदू टिपून मोजणारं मशीन) रिपोर्टवर ०.०६१. आमचा टर्नर शाफ्ट घेऊन आला, व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या आधारावर) ठेवला, डायल (काट्याचं मापक) लावला आणि हाताने फिरवून दाखवला. म्हणाला, "भाऊ, काटा दोन घरंबी हलत नाही, अन् तुमची मशीन सहा सांगते. कोनाचं खरं धरू?"

खरं त्याचंच होतं. शाफ्ट चांगले होते, माझा अक्ष चुकला होता. मी फक्त ए जर्नलवर सिलिंडर मोजून त्यालाच डेटम मानलं होतं. त्या दिवशी जे नीट समजलं, ते इथे क्रमाने लिहितो. सीएमएमचं सॉफ्टवेअर पीसी-डीएमआयएस असो, कॅलिप्सो असो की एमकॉसमॉस, मेनूंची नावं बदलतात, भूमिती बदलत नाही.

एकट्या ए वरून अक्ष घेतला तर काय होतं

त्या शाफ्टचं ए जर्नल २२ मिमी लांब होतं. कडा सोडून दोन वर्तुळं घेतली तर दोघांत अंतर राहतं १४ मिमी. प्रोबची चूक, थोडी धूळ, जर्नलची थोडी गोलाईची चूक, असं मिळून या दोन केंद्रांत ३ मायक्रॉनचा (१ मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी) फरक पडला असं धरा. ३ मायक्रॉन म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण मोजायची सीट ए पासून १३० मिमी लांब होती. १४ मिमीला ३ मायक्रॉन, तर १३० मिमीला सुमारे २८ मायक्रॉन. अक्ष तिथे २८ मायक्रॉन बाजूला गेला. रनआउट म्हणजे एका फेऱ्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान त्रिज्येतला फरक, म्हणून केंद्र जेवढं सरकतं त्याच्या दुप्पट आकडा येतो: ५६ मायक्रॉन. शाफ्टमध्ये काहीही दोष नसताना.

आता तीच ३ मायक्रॉनची चूक दोन्ही टोकांच्या केंद्रांत आहे असं समजा आणि अक्ष ए च्या केंद्रातून बी च्या केंद्रात न्या. मधल्या कोणत्याही जागी अक्ष ३ मायक्रॉनपेक्षा जास्त सरकूच शकत नाही. रनआउटवर परिणाम जास्तीत जास्त ६. मोजणी तीच, प्रोब तोच, हात तोच, आणि चूक नवव्या हिश्शावर.

ड्रॉइंग करणाऱ्याने ए-बी लिहिलं त्याचं कारणही हेच आहे. शाफ्ट एका बेअरिंगमध्ये फिरत नाही, दोन्हींत मिळून फिरतो. फिरण्याचा अक्ष एकट्या ए चा नाही, एकट्या बी चाही नाही. सॉफ्टवेअरमध्ये अक्ष बांधताना दर पायरीला हाच प्रश्न विचारायचा: हा शाफ्ट यंत्रात कशावर फिरणार आहे?

आधी ड्रॉइंग

चौकटीत एकाच खणात ए, मध्ये आडवी रेघ आणि बी असेल तर तो सामाईक डेटम. दोन्ही फीचर एकाच दर्जाचे, मिळून एकच अक्ष. पण ए एका खणात आणि बी पुढच्या खणात असेल तर अर्थ पूर्ण बदलतो: ए पहिला, बी दुसरा. अक्ष ए ठरवणार, आणि बी उरलेलं काही असेल तेवढंच बघणार. घाईत हे दोन सारखेच दिसतात. बी जर्नलऐवजी खांद्याचा सपाट चेहरा असेल तर वेगळे खणच बरोबर असतात. पण दोन्ही जर्नल असूनही वेगळे खण दिसले तर मोजणी सुरू करायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करा. माझ्या अनुभवात अशा वेळी बहुतेकदा ड्रॉइंगवर रेघ सुटलेली असते.

डेटमचा त्रिकोण व्यासाच्या मापरेषेच्या सरळ रेषेत आहे का तेही पाहा. तसा असेल तर डेटम म्हणजे अक्ष. मापरेषेपासून बाजूला, पृष्ठभागावर टेकवलेला असेल तर अर्थ वेगळा.

आणि चिन्हात एक बाण आहे की दोन? एक बाण म्हणजे वर्तुळी रनआउट: प्रत्येक छेद स्वतंत्र. दोन बाण म्हणजे संपूर्ण रनआउट: सगळा पृष्ठभाग एकत्र. यावर पुढे येतोच.

जागा, हवा आणि रुई

आयएसओ १ प्रमाणे मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात इथे बाहेर ४५ अंश असतं, शेडच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ४० मिमीचं जर्नल ३८ अंशांना मोजलं तर व्यास ८ मायक्रॉनने मोठा येतो. बेअरिंग फिटसाठी हे फार झालं. पण रनआउटला सारखी उष्णता फारसा त्रास देत नाही, कारण शाफ्ट सगळ्या बाजूंनी सारखाच फुगतो. त्रास देते ती एकतर्फी उष्णता. ४० मिमी व्यासाच्या शाफ्टची एक बाजू दुसरीपेक्षा फक्त २ अंशांनी गरम असेल, तर ३०० मिमीच्या अंतरात तो मधोमध साधारण साडेसहा मायक्रॉन वाकतो. रनआउटमध्ये १३ मायक्रॉन. ०.०३ च्या मर्यादेतला जवळजवळ निम्मा भाग खिडकीतल्या उन्हाने खाल्ला.

म्हणून ग्राइंडिंगवरून उतरलेला शाफ्ट लगेच मोजू नका. मोजायच्या खोलीत आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, तेही फरशीवर नको, लाकडी स्टँडवर उभा किंवा दोन आधारांवर. आणि सीएमएमच्या खोलीत कूलर लावू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे जीव की प्राण, हे कबूल. पण कूलर ओली हवा फेकतो, ती एकाच बाजूने येते, आणि तासलेल्या पोलादावर गंज धरतो. एसी परवडत नसेल तर पहाटे मोजा. मी दोन उन्हाळे पहाटे पाच ते आठ मोजणी केली आहे आणि ते आकडे दुपारच्या आकड्यांपेक्षा कितीतरी शांत होते.

कापसाच्या हंगामात हवेत रुई असते. खिडक्या लावल्या तरी येते. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. तो जर्नलवर चिकटलेला असताना त्यावर प्रोबच्या टोकाचा रुबीचा गोळा टेकला, तर तेवढ्याच जागी तेवढंच खोटं माप येतं. आणि आपण शाफ्ट पुसतो कशाने? कॉटन वेस्टने! त्याने तेल जातं, तंतू राहतात. तंतू न सोडणारं कापड घ्या, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, एकाच दिशेने पुसा, आणि मग हातमोजा घालून बोट फिरवून पाहा. कीवेच्या (चावीच्या खाचेच्या) आणि चॅम्फरच्या (तिरप्या कापलेल्या कडेच्या) काठाला बर (धातूची धारदार किनार) राहिलेली असते, ती ऑइलस्टोनने काढा. बर प्रोबला लागली तर आकडा बिघडतोच, पण ती बेअरिंगमध्ये गेली तर त्याहून वाईट.

शाफ्ट उभा की आडवा

आखूड शाफ्ट, म्हणजे आमच्या मशीनच्या उंचीत बसेल असा, मी उभा धरतो. खालचं टोक तीन जबड्यांच्या चकात, पण चक डेटम जर्नलवर नको. जबड्यांच्या दाबाने जर्नल तीन ठिकाणी दबतं आणि मग आपण दबलेलं जर्नल मोजतो. उभा धरला की चारही बाजूंनी प्रोब पोचतो आणि वर्तुळ पूर्ण ३६० अंश मिळतं.

आडवा ठेवायचा तर व्ही-ब्लॉक जर्नलच्या बाहेर, किंवा अगदीच जागा नसेल तर जर्नलच्या कडेला. पण मग खालच्या अंगाला प्रोब सहज पोचत नाही. बरेच जण इथे वरचा १२० अंशांचा कंस मोजतात आणि सॉफ्टवेअर पूर्ण वर्तुळ काढून देतं. ते वर्तुळ दिसतं छान, पण त्याचं केंद्र वर-खाली फार सैल असतं. कंस जितका लहान, तितकी केंद्राची चूक वाढत जाते. अशा केंद्रावर ए-बी अक्ष बांधणं म्हणजे चिखलात खुंटा ठोकणं. प्रोब हेड वळवून, दोन-तीन कोनांतून, जास्तीत जास्त वर्तुळ घ्या.

आता लांब शाफ्टची गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. ४० मिमी जाडीचा पोलादी शाफ्ट दोन टोकांवर आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने मधोमध झोळतो. ३०० मिमीच्या अंतरात हा झोळ ०.४ मायक्रॉन, म्हणजे विसरून जा. पण १.५ मीटरच्या अंतरात तोच झोळ ०.२४ मिमी होतो. मायक्रॉन नाही, मिलिमीटर. लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो म्हणून हा एवढा फरक. डायल लावून शाफ्ट फिरवला तर हा झोळ दिसत नाही, कारण शाफ्ट फिरतो पण झोळ खालच्या खालीच राहतो, काटा हलत नाही. सीएमएमवर मात्र शाफ्ट स्थिर आहे. सॉफ्टवेअरला मधलं केंद्र ए-बी अक्षापासून ०.२४ खाली दिसतं आणि ते ०.४८ रनआउट छापून मोकळं होतं. असे लांब शाफ्ट सीएमएमवर आडवे मोजूच नका. व्ही-ब्लॉक आणि डायल हीच त्यांची बरोबर जागा आहे, आणि असं सांगताना मोजणाऱ्याला कमीपणा वाटायचं कारण नाही.

प्रोब

एकाच टिपने सगळं होत असेल तर एकाच टिपने करा. दोन-तीन टिपा किंवा हेडचे वेगवेगळे कोन वापरले की प्रत्येकाची आपसातली चूक सरळ रनआउटमध्ये उतरते. कॅलिब्रेशन झाल्यावर मी नेहमी एक तपासणी करतो: कॅलिब्रेशनचा तोच गोळा प्रत्येक टिपने पुन्हा मोजतो, या वेळी कॅलिब्रेशन म्हणून नाही, साधं फीचर म्हणून, आणि सगळ्यांची केंद्रं शेजारी शेजारी लिहितो. २ मायक्रॉनच्या आत असतील तर पुढे. एखादी टिप ७-८ मायक्रॉन बाजूला दिसली तर ती सैल आहे, घाण आहे किंवा गोळाच पुसलेला नाही. या पाच मिनिटांनी माझे किती तास वाचवले याचा हिशोब नाही.

गावाकडे आणखी एक अडचण असते, ती म्हणजे वीज. मोजणीच्या मधेच फीडर गेला, मशीन बंद पडलं, वीज आली, होमिंग (मशीनचं शून्य पुन्हा शोधणं) केलं आणि प्रोग्राम जिथे थांबला तिथून पुढे चालू केला, हे मी पाहिलं आहे आणि एकदा केलंही आहे. होमिंगनंतर मशीनचं शून्य अगदी त्याच जागी येईल याची खात्री नसते, आणि तेवढ्या वेळात शाफ्टही तापलेला किंवा निवलेला असतो. अर्धे बिंदू आधीचे, अर्धे नंतरचे, असा अक्ष बांधू नका. वीज आली की गोळा तपासा, अलाइनमेंट (जॉब मशीनमध्ये कसा ठेवलाय त्याची जुळणी) नव्याने घ्या, पहिल्यापासून मोजा. यूपीएस असला तरी मशीनला हवा कॉम्प्रेसरकडून येते हे लक्षात ठेवा. एअर बेअरिंगची (ज्या हवेच्या थरावर मशीन सरकतं त्याची) हवा गेली की यूपीएस काही कामाचा नाही.

कच्ची अलाइनमेंट, मग पक्की

पहिल्यांदा हाताने ए वर एक वर्तुळ, बी वर एक वर्तुळ, आणि एका खांद्यावर एक बिंदू. दोन केंद्रांतून रेषा काढा, ए कडून बी कडे. याच रेषेवर लेव्हल करा (म्हणजे मोजणीचा अक्ष तिच्याशी जुळवा), उगम ए च्या केंद्रावर, लांबीचं शून्य खांद्यावर. बास. ही कच्ची अलाइनमेंट फक्त मशीनला जॉब कुठे आहे ते सांगण्यासाठी आहे.

मग सगळं पुन्हा आपोआप मोजा, या वेळी सीएनसीने. कारण हाताने घेतलेली वर्तुळं शाफ्टच्या अक्षाला नीट काटकोनात नसतात. तिरकस छेद घेतला की वर्तुळाचा लंबगोल होतो. दुसऱ्या फेरीत छेद काटकोनात येतो. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतला फरक मोठा असेल तर तिसरी फेरीही घ्या. आमच्याकडे दुसरी फेरी बहुधा पुरते.

डेटम जर्नलवर किती बिंदू

प्रत्येक जर्नलवर किमान दोन छेद, कडेपासून ३-४ मिमी आत, कारण कडेला ग्राइंडिंगचं चाक बाहेर पडतं तिथे उतार आलेला असतो. प्रत्येक छेदावर किती बिंदू? तीन बिंदूंनी वर्तुळ होतं, हे शाळेतलं गणित आहे, मोजणीतलं नाही. तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमीच अचूक जातं, म्हणून ते जर्नलबद्दल काहीच सांगत नाही.

सेंटरलेस ग्राइंडिंग केलेल्या जर्नलला बऱ्याचदा विषम संख्येत लोब (फुगवटे) असतात: तीन, पाच, सात. मायक्रोमीटरला ते दिसत नाहीत, कारण एका बाजूला फुगवटा असतो तिथे समोर खळगा असतो आणि व्यास सगळीकडे सारखाच येतो. म्हणून बिंदूंची संख्या लोबच्या पटीत ठेवू नका. तीन लोबवर सहा, नऊ, बारा बिंदू घेतले तर बिंदू लोबवर त्याच त्याच जागी पडत राहतात. मी १७ किंवा १९ घेतो. स्कॅनिंग प्रोब असेल तर प्रश्नच मिटला, शेकडो बिंदू घ्या. फक्त डेटम आणि मोजायची सीट दोन्हींवर फिल्टर एकच ठेवा.

ए वर जितके बिंदू, बी वर तितकेच. हे का, ते पुढच्याच पायरीत.

सामाईक अक्ष बांधण्याचे मार्ग

पहिला आणि सगळ्यात चांगला: सॉफ्टवेअरमध्ये सामाईक डेटमची सोय असेल तर तीच वापरा. आधी ए आणि बी हे दोन सिलिंडर स्वतंत्र मोजा, दोघांना डेटमची अक्षरं द्या, मग रनआउटच्या चौकटीत डेटमच्या जागी ए-बी भरा. सॉफ्टवेअर एकाच अक्षावरचे दोन सिलिंडर दोन्हींच्या बिंदूंवर एकाच वेळी बसवतं, व्यास दोघांचे वेगळे राहिले तरी चालतं. आयएसओ ५४५९ च्या २०११ च्या आवृत्तीत सामाईक डेटमची कल्पना हीच आहे: दोन्ही एकत्र, एकअक्षी, कुणी आधी कुणी मागे नाही. अमेरिकन एएसएमई वाय १४.५ मध्येही दोन व्यासांवरून एकच अक्ष, दोन्हींना सारखा मान.

इथे चुकण्याची जागा एकच. पुष्कळदा ऑपरेटर आधी स्वतः ए वर लेव्हल करतो, आणि मग चौकटीत ए-बी लिहितो. नवीन सॉफ्टवेअर चौकटीतला डेटम पुन्हा स्वतः बांधतं, तेव्हा काही बिघडत नाही. जुनं सॉफ्टवेअर मात्र चालू अलाइनमेंटवरूनच हिशोब करतं आणि चौकटीतली अक्षरं रिपोर्टवर फक्त छापतं. तुमचं कोणतं आहे ते शोधायचा साधा उपाय: अलाइनमेंट मुद्दाम थोडी बिघडवा, समजा शाफ्टला काटकोनात असलेल्या एका अक्षाभोवती अर्धा अंश फिरवा, आणि रनआउटचा आकडा बदलतो का पाहा. बदलला तर तुमचं सॉफ्टवेअर अलाइनमेंटवर चालतं.

दुसरा मार्ग, अशी सोय नसेल तेव्हा: ए चे दोन छेद, बी चे दोन छेद, अशी चार केंद्रं घ्या आणि त्यांतून एक उत्तम बसणारी त्रिमितीय रेषा बांधा. व्यास वेगळे असले तरी काही अडत नाही, कारण आपण केंद्रं वापरतोय, पृष्ठभाग नाही. माझं बरंचसं काम अजूनही याच मार्गाने होतं. बाहेरची दोन केंद्रं या रेषेला जास्त ओढतात, कारण ती लांब आहेत, आणि ते योग्यच आहे.

ए आणि बी चे व्यास सारखेच असतील तर तिसरा मार्ग आहे: दोन्हींचे सगळे बिंदू एकत्र करून एकच सिलिंडर बसवणं. यात बिंदूंच्या संख्येचं वजन येतं. ए वर ६० बिंदू आणि बी वर १२ असतील तर सिलिंडर ए कडे झुकतो, आणि सामाईक डेटम नावापुरता सामाईक राहतो. व्यासात ५ मायक्रॉनचा जरी फरक असला तरी तो फरक कुठेतरी जातोच. मी हा मार्ग टाळतो.

आणि चौथा, प्रत्येक जर्नलच्या मध्यावर एकेक वर्तुळ घेऊन दोन केंद्रांतून रेषा. कडक नियमाने हे अपुरं आहे, कारण जर्नल तिरपं असेल तर ते यात दिसत नाही. पण जिनिंगच्या कितीतरी शाफ्टवर स्वतःहून जुळवून घेणारी प्लमर ब्लॉक बेअरिंग बसतात. ती जर्नलच्या तिरपेपणाला थोडंफार सामावून घेतात आणि शाफ्ट खरोखर मध्याभोवतीच फिरतो. अशा वेळी झटपट तपासणीसाठी मी हा मार्ग वापरतो, रिपोर्टसाठी नाही.

कुठलाही मार्ग घ्या, अक्ष बांधल्यावर लगेच ए चा आणि बी चा रनआउट त्या ए-बी अक्षाला धरून काढा. दोन्ही आकडे लहान, आणि साधारण जर्नलच्या गोलाईच्या चुकीएवढे यायला हवेत. एकाचा ४ आणि दुसऱ्याचा २५ आला तर अक्ष एकाच बाजूला झुकला आहे किंवा एका जर्नलमध्येच गडबड आहे. पुढे जाऊ नका.

सरासरी सिलिंडर की वेढणारा सिलिंडर

सॉफ्टवेअर विचारतं: लीस्ट स्क्वेअर (सगळ्या बिंदूंच्या सरासरीने बसवलेला), की बाहेरून वेढणारा सगळ्यात लहान सिलिंडर? आयएसओ ५४५९ बाहेरच्या व्यासासाठी वेढणारा सांगतो, आणि ते पटण्यासारखं आहे. बेअरिंगचं अंतर्वर्तुळ जर्नलच्या उंच जागांवरच टेकतं, सरासरीवर नाही. पण वेढणारा सिलिंडर दोन-तीन उंच बिंदूंवर उभा असतो. ते बिंदू खरे असायला हवेत. एक रुईचा तंतू, एक बर, आणि अख्खा अक्ष त्या बाजूला सरकतो. लीस्ट स्क्वेअरला असा एखादा बिंदू फारसा हलवू शकत नाही.

म्हणून माझा नियम असा: स्पर्श प्रोबने १७-१९ बिंदू घेतले असतील तर लीस्ट स्क्वेअर. स्कॅनिंग आहे, जर्नल स्वच्छ आहे आणि गिऱ्हाइकाने आयएसओ मागितलंय, तर वेढणारा. एकदा दोन्हींनी काढून फरक पाहा. २ मायक्रॉनच्या आत असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. १० असेल तर आधी जर्नल पुन्हा पुसा.

आता रनआउट

वर्तुळी रनआउटसाठी मोजायच्या सीटवर तीन-चार छेद घ्या, प्रत्येकावर डेटमएवढेच किंवा जास्त बिंदू. प्रत्येक छेदाचा आकडा वेगळा काढा: ए-बी अक्षापासून सगळ्यात लांबचा बिंदू वजा सगळ्यात जवळचा. त्यांतला सर्वांत मोठा तो तुमचा निकाल. सगळे छेद एकत्र करून एक सिलिंडर बनवून त्याला वर्तुळी रनआउट लावू नका. त्याने टेपर (लांबीबरोबर व्यास बदलत जाणं) आत शिरतो.

संपूर्ण रनआउटला मात्र टेपर आत यायलाच हवा. सगळ्या छेदांचे सगळे बिंदू, एकच कमाल, एकच किमान. समजा सीट एका टोकाला दुसऱ्यापेक्षा व्यासात ०.०२ मिमी मोठी आहे आणि बाकी अगदी गोल आणि एककेंद्री आहे. वर्तुळी रनआउट शून्य, संपूर्ण रनआउट ०.०१. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे.

सीटवर कीवे असेल तर बिंदू त्यात पडू देऊ नका, दोन्ही कडांपासून दीड-दोन मिमी लांब राहा. खांद्याच्या चेहऱ्याचा रनआउट मागितला असेल तर पद्धत तीच, फक्त अंतर अक्षापासून नाही, अक्षाच्या दिशेने मोजायचं. आणि रनआउटच्या चौकटीत कोणी डेटमपुढे वर्तुळातला एम (डेटमच्या मापाप्रमाणे जादा सूट देणारी खूण) लिहिला असेल तर ड्रॉइंग परत पाठवा. रनआउटला तशी सूट नसते.

आकडा खरा की मशीनचा

ही पायरी वगळू नका. शाफ्ट स्वतःच्या अक्षाभोवती ९० किंवा १८० अंश फिरवा, पुन्हा धरा, तोच प्रोग्राम पुन्हा चालवा. शाफ्टच्या टोकावर आधीच मार्करने एक खूण केलेली असू द्या. उंच बिंदू खुणेबरोबर फिरला तर रनआउट शाफ्टचा आहे. उंच बिंदू मशीनच्या त्याच दिशेला राहिला, शाफ्ट फिरवूनही, तर तो टिपांच्या आपसातल्या चुकीचा, झोळाचा, किंवा एका बाजूने येणाऱ्या हवेचा आहे. मला आजवर या एका युक्तीने जितकी उत्तरं दिली तितकी कुठल्या महागड्या अहवालाने दिली नाहीत.

मग व्ही-ब्लॉक आणि डायल. टर्नर तेच वापरणार, म्हणून दोन्हींची तुलना कशी करायची ते माहीत हवं. व्ही-ब्लॉक ए आणि बी वरच हवेत. शाफ्टच्या टोकांतल्या सेंटरमध्ये धरून मोजलं तर डेटम सेंटर झाले, ए-बी नाही. तो वेगळा प्रश्न आणि वेगळं उत्तर. आणि जर्नलला लोब असतील तर ९० अंशांचा व्ही तीन किंवा पाच लोबची गोलाईची चूक डायलवर दुप्पट दाखवतो, ती जर्नलवरच डायल लावून फिरवल्यावर. सीटवर मोजताना लोबमुळे शाफ्ट व्ही मध्ये वर-खाली होतो आणि तेही काट्यात येतं. म्हणून डायल सीएमएमपेक्षा जास्त दाखवत असेल आणि जर्नल सेंटरलेसवरून आलेलं असेल, तर आधी जर्नलची गोलाई पाहा.

रिपोर्टवर काय लिहायचं

नुसतं "रनआउट ०.०१८, ए-बी" लिहिलं की पुढे भांडण ठरलेलं. मी रिपोर्टच्या तळाला दोन ओळी टाकतो: ए-बी कसा बांधला, म्हणजे चार केंद्रांची रेषा की सॉफ्टवेअरचा सामाईक डेटम, लीस्ट स्क्वेअर की वेढणारा, छेद आणि बिंदू किती, शाफ्ट उभा की आडवा, खोलीचं आणि शाफ्टचं तापमान. शाफ्टचं तापमान वेगळं, कारण खोली २४ आणि शाफ्ट ३१ असं होतं.

तो बारा शाफ्टचा लॉट मी दुसऱ्या दिवशी चार केंद्रांच्या रेषेवरून पुन्हा मोजला. सगळ्यात मोठा आकडा ०.०१९ आला, टर्नरच्या डायलवर त्याच शाफ्टला ०.०१८. बारापैकी एकही नापास नव्हता. जुना रिपोर्ट रद्द करून नवीन पाठवला, आणि गिऱ्हाइकाला फोन करून पहिला का चुकला ते सांगितलं. त्याने विचारलं, आधी पाठवलेल्या लॉटचं काय? प्रश्न रास्त होता. जुने प्रोग्राम उघडून पाहिले तर आणखी दोन जॉबमध्ये अक्ष फक्त ए वरूनच घेतलेला निघाला. त्यांतले आमच्याकडे शिल्लक असलेले शाफ्ट त्याच आठवड्यात पुन्हा मोजले.